शनिवारी डोळ्याचं आहे

घिवली
सोमवार, ८ डिसेंबर २०२५, सकाळ

किसनदादा,

तू लेकीकडे बोईसरला पोचलास हे जागृतीच्या फोनवरून कळलं. तुझा फोन आला नाही ते बरंच झालं. फोनवर तू गुळगुळीत बोलतोस आणि मला पत्ता लागत नाही. म्हणून आपलं ठरलंय ते विसरू नकोस. आठवडाभर रोज एक पत्र लिहायचं. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. पन्नास वर्षं दागिन्यांच्या पोलादी डायवर नक्षी कोरणारा माणूस तू, रेघ वाकडी गेली की तुझ्याच पोटात दुखतं.

आमच्या आळीतला मिथुन सकाळी साडेसातला रिक्षा घेऊन बोईसरला निघतो आणि संध्याकाळी परततो. जागृतीच्या बिल्डिंगखालच्या पानवाल्याकडे तो माझी पिशवी ठेवील, तू तुझं पत्र तिथेच ठेव. त्याला सांगून ठेवलंय, पत्र नसेल तर काकालाच रिक्षात घालून आण. तर म्हणतो, "आत्या, काका वजनदार हाय, पन आणतो."

आता कामाचं. शनिवारी तेराला तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. त्याआधी रक्त, साखर, छातीचा कार्डिओग्राम आणि डोळ्याची मापं व्हायला हवीत. तुझ्या लेकीला रजा फक्त शनिवारची, जावयाला तीही नाही. म्हणजे हे चार दिवस तुला एकट्यालाच जायचंय. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे, वाटेत कुठे वळायचं नाही. डावा डोळा तुझा आधीच अधू. उजव्याचा मोतीबिंदू आणखी पिकू दिला तर काढणं अवघड होईल असं डॉक्टरीणबाईंनी तुझ्या तोंडावर सांगितलंय, आणि तू भिंगातून बघून अजून कोरतोयस म्हणे.

मोतीबिंदू म्हणजे काही वाघ नव्हे. मी फेब्रुवारीत केलंच की. सकाळी गेले, संध्याकाळी आले, तिसऱ्या दिवशी वाडीत मोगऱ्याला पाणी लावत होते.

येताजाता माझी कामं कर. पाच लिटरच्या कुकरची रिंग, गजऱ्याच्या पांढऱ्या दोऱ्याची तीन रिळं, घड्याळाला सेल. आणि एक कादंबरी. जाडसर बघ, रडकी नको. टाईप मोठा मिळाला तर बरं. डब्यात उकडहंडी आहे, एकट्याने खाऊ नकोस.

सुलू

---

बोईसर
सोमवार, दुपार

चि. सुलू हिस आशीर्वाद.

उकडहंडी जागृतीने कामावर जाताना डब्यात भरून नेली. माझ्या वाट्याला कोनफळाचे तीन तुकडे आले, तेव्हा एकट्याने खाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

दवाखान्यात गेलो होतो. गेलो होतो हे खरं आहे, कागदावर लिहितोय. दारापर्यंत गेलो. आत डोकावलो तर बाकावर सातआठ माणसं, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी, आणि सगळी दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघतायत. म्हटलं, या बिचाऱ्यांचं आधी होऊ दे. बाहेर आलो तर समोरच्याच इमारतीत थिएटर. अकराचा खेळ सुरू होत होता. उन्हात उभं राहण्यापेक्षा बसलेलं काय वाईट?

थिएटरात आम्ही बारा जण. त्यातले नऊ रात्रपाळी करून आलेले कामगार, तिकीट काढून गार हवेत झोपायला आले होते. माझ्या शेजारच्याने चपला काढल्या, मला म्हणाला, "चाचा, इंटरवल में उठा देना, समोसा खाना है," आणि घोरायला लागला. मी उठवलं. अर्धा समोसा त्याने मला दिला. माणसं चांगली आहेत इथली.

सिनेमा मात्र झकास. दिग्दर्शकाने सगळाच्या सगळा धुक्यात घेतलाय. नायिका धुक्यातून येते, खलनायक धुक्यात जातो, चेहरे नीट दिसतच नाहीत. त्यामुळे कोण कोणाचा भाऊ हे शेवटपर्यंत गूढ राहतं.

कुकरची रिंग घेतली. दुकानदार म्हणाला, कुठल्या कंपनीचा कुकर? मी म्हटलं, आमच्या सुलूचा. त्याने दोन दिल्या, एक तरी बसेल म्हणाला.

तुझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? दुकानाची पाटी रंगवल्यासारखं लिहिलंयस.

कृष्णकांत

---

घिवली
मंगळवार, सकाळ

दादा,

जागृतीला रात्री फोन केला. तो सिनेमा सगळा वाळवंटातला आहे. उंट आहेत त्यात. वाळवंटात धुकं कुठून आलं ते विचार बाबा दिग्दर्शकाला.

आणि माझं अक्षर मोठं आहे कारण वाचणारा आंधळा आहे. तुझ्या पत्रात एक ओळ डोंगर चढतेय आणि दुसरी खाडीत उतरतेय, मी काही बोलले का?

रांग आठ माणसांची म्हणजे काही पंढरी नव्हे. आज जा. नाश्ता न करता जा, रक्त उपाशीपोटी घेतात. तुझ्या बाबतीत हे आधी सांगावं लागतं.

रिंगा दोन्ही बसल्या नाहीत.

सुलू

---

बोईसर
बुधवार, संध्याकाळ

चि. सुलूस,

काल पत्र नाही म्हणून मिथुन खरंच वर आला. "काका, चला, रिक्षा खाली हाय," म्हणाला. जागृतीचा चहा पाजून परत पाठवला.

काल उपाशीपोटी निघालो होतो, देवाशपथ. वाटेत आठवलं की रेशनकार्डाचं केवायसी राहिलंय. म्हटलं, ते दोन मिनिटांत उरकू. तिथे दीपाली म्हणून मुलगी बसते. तिने अंगठा ठेवायला सांगितला. यंत्र घेईना. दुसरा ठेवला, घेईना. दहाही बोटं झाली. ती म्हणाली, "काका, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत." मी म्हटलं, बाळ, त्या पोलादाने नेल्या. मग तिने दुर्बिणीसारखं काहीतरी डोळ्याला लावलं, डोळ्यावरून ओळख पटते म्हणे. यंत्र म्हणालं, डोळा सापडत नाही. अंगठा नाही, डोळा नाही. माझ्या मागची बाई म्हणाली, "मग हे आजोबा हायत का नाय?" सगळी रांग हसली. मीही हसलो. मग मात्र दवाखान्याकडे पाय वळेना. घरी येऊन झोपलो.

आज मन रमवायला पालघरला जाऊन आलो. रामनाथचं दुकान तुला आठवतं, स्टेशनजवळच्या गल्लीतलं. आता पुढे सगळी भरतीची पुस्तकं, कथाकादंबऱ्या मागच्या फडताळात. मी कादंबरी मागितली तर म्हणतो, "किसनराव, कादंबरी मागणारे तुम्ही या महिन्यातले दुसरे, पहिला चुकून आला होता." दोन तास बसलो. कोण वारलं, कोणी दुकान विकलं, सगळं झालं. मग तो गिऱ्हाइकात गुंतला तेव्हा मीच निवडलं एक. चांगलं जाडजूड आहे, हाताला कागदही बरा लागला. पिशवीत घालताना रामनाथने माझ्याकडे दोनदा बघितलं. वाचून नेहमीसारख्या पेन्सिलीने खुणा कर, मग मी वाचीन. गेल्या खेपेची तीन पुस्तकं तू एकही खूण न करता परत केलीस, ते मला आवडलेलं नाही. आपण चाळीस वर्षं त्या खुणांवरून भांडतोय.

दोरा मिळाला. सेल राहिला.

कृष्णकांत

---

घिवली
गुरुवार, सकाळ

दादा,

तू मला पोलीस शिपाई भरतीचे सराव प्रश्नसंच पाठवलेस. उत्तरांसहित.

मिथुनने पिशवीतून काढून नाव वाचलं आणि हँडलवर डोकं टेकून हसत बसला. "आत्या, आठशे मीटर पलाय लागल तुमाला. छाती मोजत नाय बायकांची, घाबरू नका." आळीभर झालं. काल संध्याकाळपासून मला सगळे सलाम करतायत. बासष्टाव्या वर्षी बंदोबस्ताला कुठे पाठवतात ते बघायचं.

हसून झालं. मग मी ओट्यावर बसले आणि मला पुढे हसू येईना. त्या पुस्तकावर म्हणे वीतभर अक्षरं आहेत. ती तुला दिसली नाहीत, दादा. तू हाताला कागद कसा लागतो यावरून पुस्तक निवडलंस. आणि वाळवंटात धुकं बघितलंस. उद्या रस्ता ओलांडताना कंपनीची बस तुला धुक्यात दिसायची.

आज गुरुवार. तपासण्या उद्यापर्यंत झाल्या नाहीत तर शनिवार गेला. डॉक्टरीणबाई मग महिनाभर नाहीत, हे जागृतीनेच मला सांगितलं. तू रोज कुठे जातोस हे तिला ठाऊक नाही, ती समजते तपासण्या चालल्यात. मी अजून तोंड उघडलेलं नाही. उद्या संध्याकाळी उघडणार.

सुलू

---

बोईसर
गुरुवार, दुपार

सुले,

आज पुन्हा थिएटरात गेलो होतो. एवढं लिहून पेन ठेवलं, चहा केला, परत बसलो.

तिकीट एका सिनेमाचं होतं, बसलो दुसऱ्यात. दारावरचा आकडा दिसला नाही. दीड तास भोजपुरी चाललं होतं, मला वाटलं नायकाचं गाव तिकडचं असेल. मध्यंतरात एकाने तिकीट बघून सांगितलं. तरी उठलो नाही, कारण दोन्हीकडे मला सारखंच दिसणार होतं.

तेव्हा आता गंमत पुरे, खरं लिहितो. मला भीती वाटते. रांगेची नाही, सुईची नाही. बाबांचं तुला आठवतंय. त्यांनाही सगळे म्हणाले होते, दोन दिवसांचं काम आहे. शिबिरातून आले तेव्हा डोळ्यातून पाणी थांबेना, आणि पंधरा दिवसांनी तो डोळा संपला. दुसऱ्याला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. पाच वर्षं खाटेवर बसून होते. रोज दुपारी तू शाळेतून यायचीस आणि त्यांना वाचून दाखवायचीस. मी डाय कोरत ऐकायचो. बाबांची हत्यारं हातात घेऊन त्यांच्याच समोर बसायचो, आणि ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, किसन, खोल जातंय.

आता मलाच आवाजावरून कोरायची वेळ आलीय, तरी त्या दारातून आत जाववत नाही. आहे तेवढं धुकं तरी राहू दे असं वाटतं.

तू करून आलीस. माझ्या ओळखीत तूच एक आहेस जिचं मला पटेल. खरं सांग, दुखतं का? सुई येताना दिसते का? आणि नंतर खरंच दिसतं का, की सगळे म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं?

उद्या सकाळी तुझं उत्तर वाचीन. पटलं तर दवाखाना, नाही तर सरळ घरी, चिंचणीची एसटी. पिशवी भरून ठेवलीय.

दादा

---

बोईसर
शुक्रवार, संध्याकाळ

सुले,

सकाळी आठला पानवाल्याकडून तुझं पत्र घेतलं. जिन्यातच उघडलं. काही दिसेना. वर येऊन खिडकीशी धरलं, तरी काही नाही. बल्ब लावला. भिंग लावलं. पांढरं. उलटं केलं, पांढरं. काल रात्रीपर्यंत निदान तुझी पाटीसारखी अक्षरं दिसत होती, आज तीही गेली. मी खुर्चीत बसलो तो उठताच येईना. जागृती पहिल्या पाळीला गेलेली. घरात कोणी नाही. बाबांना असंच झालं असेल, एका सकाळी.

मग एसटीची पिशवी तिथेच राहिली आणि मी पायात जावयाच्या चपला घालून दवाखान्यात पळत गेलो. रांगबिंग काही बघितली नाही. सपना म्हणून सिस्टर आहे, तिच्यासमोर कागद धरला आणि म्हटलं, बाई, माझं वाचायचं गेलं. तिने कागद घेतला. पालथा केला. पुन्हा सुलटा केला. म्हणाली, "काका, कागद कोराच आहे."

बाकावरची पट्टीवाली सगळी माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्यातच जाऊन बसलो. आणि बसल्या बसल्या, सवयीने, कागदावरून अंगठा फिरला. खरबरीत लागला. आधी शिरोरेघ सापडली, मग तिच्याखाली लोंबणारी अक्षरं. कागद पालथा केला तर सगळं उठून आलेलं. उलटं होतं, पण उलटं वाचायची मला जन्माची सवय आहे, डायवर सगळं उलटंच कोरतात. यंत्राला माझा अंगठा सापडत नाही, पण अंगठ्याला सगळं सापडतं. तासभर लागला. तू लिहिलंयस ते असं:

"दादा, काही दुखत नाही आणि सुई दिसत नाही. मी तर डॉक्टरीणबाईंना पापडाचं प्रमाण सांगत होते. आणि दिसतं म्हणजे काय विचारतोस. मला आता भिंतीवरची मुंगी दिसते, मुंगीच्या तोंडातला साखरेचा कण दिसतो."

सुले, मुंगीच्या तोंडातला साखरेचा कण दिसणाऱ्या बाईला पेनातली शाई संपलेली दिसली नाही. पानभर कोरं लिहीत गेलीस, खाली सही केलीस, घडी घातलीस.

मी बाकावर हसायला लागलो. सिस्टरने पाणी आणलं. मग एकेक आठवत गेलं. मोठा टाईप. पेन्सिलीच्या खुणा नाहीत. पुस्तकाचं नाव मिथुनने वाचलं, तू नाही. फेब्रुवारीत तू काहीही केलेलं नाहीस.

रागावलेलो नाही. पण एक कळलं. तू सांगशील म्हणून आत जायचं असं मी ठरवलं होतं, आणि तुलाच ठाऊक नाही आत काय असतं. म्हणजे आता कोणीतरी जाऊन बघून यायला हवं. मी मोठा आहे.

तपासण्या झाल्या सगळ्या. साखर ठीक. उद्या नऊला माझा नंबर. जमलं तर ये.

दादा

---

घिवली
शुक्रवार, दिवेलागण

दादा,

मिथुन तुझं पत्र घेऊन आला आणि मी त्याला म्हटलं, बस, वाच. त्यानेच वाचलं. मुंगीपर्यंत आला, पुढचं वाचून कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "आत्या, मी कोनाला सांगत नाय." हे पत्र लिहितानाही त्याला समोर बसवलंय, शाई येते का बघायला.

ऐक. फेब्रुवारीत शिबिराच्या गाडीतून आम्ही बावीस जण याच दवाखान्यात गेलो. हिरवा झगा घालायला दिला, कपाळावर पट्टी चिकटवली. माझ्यापुढे आमच्या आळीतली बुधी होती. ती आत गेली आणि दार लागलं. मला आपले बाबा दिसले. रोज दुपारी मी वाचायला बसायचे तेव्हा त्यांचा तो डोळा माझ्या बाजूला असायचा, दादा, तुझ्या नाही. तू खाली मान घालून कोरत असायचास. त्यांच्या तोंडाकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून मी एवढं वाचलं.

मी झग्यावरच साडी गुंडाळली आणि मागच्या जिन्याने उतरले. काळा चष्मा घेतला, कापूस घेतला, चिकटपट्टी घेतली. संध्याकाळी गाडी सुटेपर्यंत कुठे थांबायचं? समोर थिएटर होतं. माझ्याही सिनेमात धुकं होतं. परतताना गाडीत सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, मला कोण बघणार? दवाखान्यातून फोन आला, मी सांगितलं पुण्याला मुलाकडे करणार. मुलाला सांगितलं इथे झालं. पंधरा दिवस लोक शहाळी आणून देत होते. सगळी प्यायले. झगा अजून पेटीत आहे.

त्याहून वाईट अजून सांगायचंय. तुझ्यामागे मी आठवडाभर लागले ती तुझ्या काळजीने लागले, पण तेवढ्यानेच नाही. तुझं नीट झालं तर मला धीर येईल असं मनात होतं. तुला पुढे ढकलून मी मागून बघणार होते. आता तू म्हणतोस, मी मोठा आहे. ताट तसंच झाकून ठेवलंय.

जाऊ नकोस असं लिहिणार होते. लिहीत नाही. पण मी येणार नाही, दादा. त्या दारासमोर माझ्याच्याने उभं राहवणार नाही. घरी बसून देवाला त्रास देते.

सुलू

---

बोईसर
रविवार, १४ डिसेंबर, सकाळ

चि. सुलूस,

तुझं पत्र काल आठला मिळालं होतं. तेव्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर तुझी दया आली असती आणि दोघंही सिनेमाला गेलो असतो. खिशात ठेवलं, आत गेलो. आज सकाळी पट्टी काढली आणि पहिलं तेच वाचलं. थोडंच वाचा असं बाईंनी सांगितलंय, थोडं म्हणजे किती ते मी विचारलं नाही.

आता जाऊन आलेल्या माणसाचं ऐक. सुई दिसत नाही, हे तू न बघता बरोबर लिहिलं होतंस. तीन दिवे दिसतात, मग ते पाण्यात पडल्यासारखे हलतात. गार लागतं. कोणीतरी पापणी दाबून धरलीय एवढं कळतं. दुखलं नाही. भीती मात्र वाटते, ती शेवटपर्यंत वाटते, बाईंनी "हलू नका" म्हटल्यावर जास्तच वाटते. मी पाढे म्हणत होतो. एकोणीसचा मला येत नाही हे कळलं. पुन्हा पुन्हा एकोणीस सत्ते करत होतो तेवढ्यात त्या म्हणाल्या, झालं.

आणि दिसतं. जागृतीचे केस कानांजवळ पांढरे झालेत, सुले. मला कोणी सांगितलं नव्हतं. सारखा बघत होतो तर म्हणाली, बाबा, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तू तुझ्या आईसारखी दिसतेस. हे मला दोन वर्षांत दिसलेलं नव्हतं.

तुझी आठवड्याची सगळी पत्रं पुन्हा काढली. ओळी कागदाबाहेर गेल्यात. एके ठिकाणी एका ओळीवर दुसरी चढलीय. एवढं कमी दिसत असताना तू मला आंधळा म्हणत होतीस. हिंमत आहे तुझी.

मागून बघणार होतीस म्हणतेस, स्वार्थ म्हणतेस. असेल. तुझ्या त्या स्वार्थाने माझा डोळा परत मिळाला. आता तू मागे राहिलीस तर मात्र तो नुसता स्वार्थ ठरेल.

डॉक्टरीणबाई शुक्रवारी सुट्टीवर जातायत. बुधवारी एकाचं रद्द झालं, तिथे दहाला तुझं नाव लावलंय. रक्त, मापं मंगळवारी, जागृती सुट्टी बदलून तुझ्याबरोबर येईल. नाव सांगितल्यावर बाईंनी जुनी वही काढली, बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "झगा घेऊन यायला सांगा."

दादा

---

घिवली
मंगळवार, १६ डिसेंबर, संध्याकाळ

दादा,

आज तपासणीला आले आणि तुला न भेटता परत आले, हे जागृतीने तुला सांगितलं असेल. भेटले असते तर तुझ्या घरीच राहिले असते आणि सकाळी उठून पळाले असते. घरून निघालं की माणूस निघालेला असतो.

गावात एक अडचण झाली. माझ्या डोळ्याचं फेब्रुवारीत झालंय हे सगळ्यांना ठाऊक, शहाळीसुद्धा पोटात गेलेली. तेव्हा मी सांगितलं, हे दुसऱ्या डोळ्याचं आहे. बुधी चार बायकांना घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, "बगा ही बाई. एकदा करून परत चाललीय. आमी असतो तर नाय गेलो." सगळ्या माना डोलवत होत्या. मी पण डोलवली. दुसरं काय करणार होते?

त्या गेल्यावर मात्र मी मागच्या दारी बसून रडले. एवढ्या धीराच्या बाईने घाबरायचं कोणासमोर? पुण्याला मुलाला सांगितलं तर तो रजा टाकून येईल आणि माझ्याहून जास्त घाबरेल. मिथुनने मघाशी विचारलं, "आत्या, येऊ का आतपर्यंत?" त्याला नको म्हटलं. मग मोजलं तर तूच एक उरतोस. तुझ्यासमोर मला धीर धरावा लागत नाही. माझी भीती तुला त्या कोऱ्या कागदापासून माहीत आहे.

दोन साड्या घेतल्यात, टॉवेल, तांब्या. झगा धुऊन इस्त्री केलाय. तुझे पाढे मला येत नाहीत, मी आपली वाडीतली झाडं मोजीन.

मिथुन सकाळी साडेसातला निघेल, सव्वाआठला दवाखान्यापाशी पोचू. जागृतीला कामावर जाऊ दे, तू ये. दाराच्या बाहेर, पायरीवर उभा राहा. मी उतरले की लगेच माझा हात धर आणि समोर थिएटर आहे याची मला आठवण करून देऊ नकोस.

आणि एक. तुझा काळा चष्मा असेल, टोपी असेल, आजूबाजूला तसलेच दहा जण उभे असतील. मला त्यातून तू दिसणार नाहीस, दादा. तेव्हा तू हाक मार.

सुलू